ताट वाढेपर्यंत आपले काम

"रात्री काय करू, म्हणजे घरातले सगळे जेवतील?" एवढाच प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे कोणी येत नाही. झोप लागत नाही, सारखी चिडचिड होते, नवऱ्याशी धड बोलणे होत नाही, अशा तक्रारी घेऊन बायका येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलणे हमखास स्वयंपाकघरात जाऊन पोहोचते. ही चिंता इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे, की एका कुटुंबाची हकिकत सविस्तर लिहावी असे वाटले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या बाई डोंबिवलीला राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या. लोकलने घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजत. घरात जेवणारी माणसे पाच आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. नववीतल्या मुलीला रोजच्या पोळी-भाजीचा कंटाळा, 6 वर्षांच्या मुलाला हिरवे काहीही ताटात नको, यजमानांना तिखट-मसाल्याशिवाय घास उतरत नाही आणि सासूबाईंना चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. त्यामुळे एकाच रात्री तीन-तीन स्वयंपाक होत. मुलांच्या आग्रहावरून त्यांनी एकदा पास्ता केला, भाज्या बारीक चिरून त्यातच घातल्या आणि सगळे एकत्र कालवून वाढले. मुलाने ढोबळी मिरचीचा एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला ओळीने लावला, मुलगी "हॉटेलसारखा नाही झाला" म्हणाली, यजमानांनी त्याच्याबरोबर लोणचे मागून घेतले आणि लसणाचा वास आल्याबरोबर सासूबाईंनी दूध-भात कालवला.

"तुम्ही काय जेवलात?" मी विचारले.

"मी कुठली जेवतेय, मॅडम? त्या मिरच्या कचऱ्यात टाकताना रडूच आलं."

"मिरच्या वाया गेल्या म्हणून?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चौघांतल्या एकालाही मी धड खाऊ घालू शकत नाही, असं वाटलं."

खरे दुखणे इथे होते. मुलाने मिरची बाजूला काढली, याचा अर्थ त्याच्या जिभेला आज ती नको होती, एवढाच. या बाईंनी मात्र त्यावरून आपल्या आईपणाचा निकाल लावून टाकला होता. 1955 च्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी जी विचारपद्धती मांडली, तिच्यावर माझ्या कामाची भिस्त आहे. घटना आपल्याला दुखावते त्याहून अधिक त्या घटनेला आपण लावलेला अर्थ दुखावतो, हे तिचे सार या एका ताटात मला लख्ख दिसत होते. पण ते सांगून उपयोग नसतो, ज्याचे त्यालाच सापडावे लागते. म्हणून मी त्यांना बँकेतल्या कामाविषयी विचारले.

"तुम्ही नीट समजावून सांगितलेली ठेव योजना ग्राहकाने घेतली नाही, तर घरी येऊन रडता का?"

"छे! चांगली योजना दाखवणं, सगळं खरं सांगणं हे माझं काम. घ्यायची की नाही, ते त्याने ठरवायचं."

एवढे बोलून त्या थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काहीही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाने तोंड उघडले, तर समोरच्याच्या हाती येऊ घातलेली गोष्ट निसटते, असा माझा अनुभव आहे. थोड्या वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे वाढणं माझं आणि खाणं त्यांचं?" त्या प्रश्नात सुटकाही होती आणि भीतीही. ज्या ओझ्याला इतकी वर्षे आपण प्रेम समजत आलो, ते खाली ठेवताना असे होणारच. पुढच्या सगळ्या भेटींचे काम त्या एका वाक्याने सोपे केले, असे मी समाधानाने म्हणू शकते.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ आणि कुटुंबोपचारक एलिन सॅटर यांनी हीच विभागणी पूर्वी फार स्वच्छ शब्दांत सांगितली आहे. काय, केव्हा आणि कुठे खायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने ठरवावे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. काय करायचे ते मुलांना विचारतो आणि किती खायचे ते मात्र आपण ठरवतो. नव्या पदार्थाची धास्ती साधारण 2 ते 6 वर्षांच्या वयात सर्वाधिक असते. एखादी चव मुलाच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते आणि तीही जबरदस्तीशिवाय. "दोन घास खा, मग आइस्क्रीम देते" असे म्हटले, की मुलगा एवढेच शिकतो, की भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस.

यानंतर आम्ही पुन्हा पास्त्याकडे वळलो, कारण तो टाकून द्यावा असा पदार्थच नव्हता. चूक फक्त सगळे आधीच कालवण्यात होती. एकच स्वयंपाक, पण ताटात एकत्र करण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, असे ठरले. लाल भोपळ्याच्या पाव किलो फोडी, चार टोमॅटो, एक गाजर आणि मूठभर मसूर डाळ सकाळीच कुकरला लावायची, निवल्यावर मिक्सरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवायची. संध्याकाळी पाचजणांसाठी 350 ग्रॅम पास्ता साडेतीन लिटर उकळत्या पाण्यात, लिटरमागे चमचाभर मीठ घालून, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधीच उतरवायचा. पाण्यात तेल घालायचे नाही आणि पास्ता नळाखाली धुवायचाही नाही. निथळताना वाटीभर पाणी मात्र राखून ठेवायचे, कारण त्यात उतरलेल्या पिष्टामुळे सॉस पास्त्याला धरून राहतो. पास्ता शिजतो तेवढ्यात एका कढईत सॉस गरम होतो आणि दुसरीकडे फरसबी, मक्याचे दाणे आणि पनीर परतून होते. अर्ध्या तासात ताटे मांडता येतात. पाकीट मैद्याचे आहे की ड्युरम या कडक दाण्याच्या गव्हाच्या रव्याचे, हे वाचून घ्यावे. गव्हाच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते, म्हणजे वरण-पोळीचाच हिशेब इथेही लागू पडतो. शाकाहारी घरांनी चीजवरचे हिरवे चिन्हही पाहावे, कारण अस्सल पार्मेझान वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध साकळवणाऱ्या द्रव्याने केलेले असते.

"भोपळा घातलाय हे मुलाला सांगायचं नाही ना?" त्यांनी विचारले. वाटून घालायला माझी हरकत नव्हती, पण त्याने विचारले तर खरे सांगायचे, यावर मी ठाम होते. फसवून खाऊ घातलेली भाजी एक दिवस कळतेच आणि मग मूल आईच्या हातचा प्रत्येक घास तपासून पाहू लागते.

टेबलावर आता पास्ता, सॉस, भाज्या, किसलेले चीज आणि चिली फ्लेक्स वेगवेगळे मांडले जाऊ लागले. यजमानांचे तिखट त्यांच्या हाती गेले. लसूण तुपात परतून वेगळ्या वाटीत आली आणि मूळ सॉसला हिंगाची फोडणी बसली. सासूबाईंनी ओरेगानो चुरगळून हुंगला, "हा तर ओव्याच्या जातीचा वास" म्हणाल्या आणि दोन घास खाऊन त्यांनी जाहीर केले, "डाळीत शिजवलेली कणीक ती हीच. आमच्या चकोल्याच की!" मसूर कुकरला लावण्याचे काम त्यांनी त्यानंतर आपल्याकडे घेतले. ओवा आणि ओरेगानो या दोन्हींत तो वास देणारी द्रव्ये असतात, हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्या मनापासून हसल्या.

मुलाने सुरुवातीला नुसता पास्ता आणि चीजच खाल्ले. आईने त्यावर चकार शब्द काढायचा नाही आणि आपले ताट घेऊन सर्वांबरोबर बसायचे, एवढेच पथ्य मी घातले होते. मला विचाराल तर हे पथ्य पाककृतीपेक्षा मोलाचे आहे आणि पाळायला कितीतरी अवघड. काही आठवड्यांनी त्याने ताईच्या ताटातल्या सॉसमध्ये पास्त्याची एक नळी बुडवली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून त्याने दुसरीही बुडवली. अर्थात मूल मोजकेच चार-पाच पदार्थ खात असेल, त्याचे वजन वाढत नसेल किंवा घास तोंडात घेताच त्याला उमासे येत असतील, तर अशा उपायांवर विसंबू नये, आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

शेवटच्या भेटीत त्या बढतीच्या परीक्षेविषयी बोलायला आल्या होत्या. उठता उठता मी विचारले, "काल जेवण कसं झालं?" त्यांना आठवावे लागले. "मी दोनदा घेतलं," त्या म्हणाल्या, "बाकीच्यांनी किती घेतलं, ते पाहिलंच नाही."