पातळ आवाज आणि जड रिफ

माशेल, श्रावण

प्रिय बाय,

तिन्ही गाणी ऐकली. एकदा फोनवर, एकदा मिक्सिंगच्या मोठ्या स्पीकरवर, आणि मग काल रात्री वीज गेली तेव्हा पडवीत बसून इयरफोनवर. कौलांवर पाऊस धो धो चालू होता, तरी तुमचा बेस ऐकू येत होता. बेसवाल्या पोराला माझ्याकडून शाबासकी सांग.

तू विचारलंस, "काका, माझा आवाज पातळ आहे. बँडमधले म्हणतात डूमला असला आवाज चालत नाही. ग्राउल शिकू का?"

ग्राउल, म्हणजे ते खरखरीत गुरगुरणं, शिकायचं तर शीक, पण या कारणासाठी नको. ज्या बँडपासून डूम, म्हणजे हे संथ, जड मेटल सुरू झालं, त्याच्या गायकाचा आवाज पातळच होता. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० चा. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी याने त्याआधीच कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली होती, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी तीच बोटं. पुढे त्याने तारा सैल केल्या. १९७१ च्या अल्बममध्ये बऱ्याच गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. गिटार खाली गेली, बेस तिच्या मागोमाग गेला, आणि गायक ऑझी मात्र वरच राहिला. थोडा नाकातून, थोडा रडवेला. घरात पाणी शिरल्यावर एखादा कौलांवर चढून हाका मारतो ना, तसा. २०२५ च्या जुलैमध्ये तो गेला, तेव्हा आम्ही चार टकले मित्र रात्रभर त्याचेच अल्बम लावून बसलो होतो. कोणीही म्हणालं नाही की याचा आवाज भारदस्त हवा होता.

यामागे साधं गणित आहे. तुमची गिटार बी ट्यूनिंगमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात जाड तार साधारण ६२ हर्ट्झवर. त्यावर फझ, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, लावला की तो आवाज खालपासून मधल्या पट्टीपर्यंत सगळी जागा अडवून बसतो, चवथीला बाजारात गाड्या उभ्या असतात तसा. ग्राउलही खरखरीत आणि फझही खरखरीत. दोघं एकाच पाटावर बसायला जातात आणि मग मिक्स करणारा मी रात्री दोन वाजता डोकं धरून बसतो. तुझा पातळ, स्वच्छ आवाज त्या गर्दीच्या वरून निघून जातो. त्याला जागा करून द्यावी लागत नाही.

याचा अर्थ ग्राउल वाईट असा घेऊ नकोस. माय डाइंग ब्राइड या बँडचा गायक एकाच गाण्यात विव्हळतोही आणि गुरगुरतोही, आणि ती अदलाबदलच अंगावर येते. फ्युनरल डूम या अतिसंथ प्रकारात तर ग्राउल हे जवळजवळ एक वाद्यच असतं. ऑर्गनच्या खालच्या पट्टीसारखं ते मागे लांबत राहतं, शब्द कळावेत अशी कोणाची अपेक्षाच नसते. इलेक्ट्रिक विझार्ड या बँडने गायकाला फझमध्ये अर्धा पुरून टाकलाय, तेही शोभतं. दुसऱ्या टोकाला कँडलमास हा बँड. १९८७ साली त्यांनी मेसाया मार्कोलिन आणला, ऑपेरासारखा भरलेला, थरथरता आवाज. काहींना तो फार नाटकी वाटतो. मला आवडतो, पण जत्रेतली नाटकं बघत वाढलेल्या माणसाचं मत तू किती धरायचं ते तू ठरव.

आता तुझ्या गाण्यात मला काय खटकलं ते सांगतो, कारण ते पातळपणाशी संबंधित नाहीच.

तू मुरक्या घेतेस. नाट्यसंगीत शिकली आहेस, गळा फिरतो, आणि फिरणारा गळा गप्प बसत नाही. रिफचा, म्हणजे गिटारच्या त्या फिरून फिरून येणाऱ्या तुकड्याचा, एक सूर लांबत असतो आणि तू त्याच्यावर तीन हरकती टाकून मोकळी होतेस. मी हेच केलं होतं. पंचविशीत, मडगावात एका छोट्या हॉलमध्ये, साठेक माणसांसमोर. मामाकडे शिकलेली एक लांबलचक तान मी रिफवर सोडली. पुढच्या रांगेतली पोरं आधी हसली, मग एकाने "वन्समोअर" म्हणून ओरडून घेतलं. आमचा ड्रमर गाणं संपेपर्यंत माझ्याकडे बघत नव्हता. तान बेसूर नव्हती गं. पण त्या रिफमधला सगळा जडपणा दोन सुरांच्या मधल्या थांबण्यात होता, आणि मी तिथेच नाचत होतो.

तुमचं दुसरं गाणं ५० बीपीएमला, मिनिटाला पन्नास मात्रांना, आहे. म्हणजे चार मात्रांना ४.८ सेकंद, आठ मात्रांना जवळजवळ दहा. आणि त्या आठ मात्रांत तू म्हणतेस, "खोल विहिरीत बुडत चाललेली सावली." बोलून मोज, उच्चाराचे अकरा तुकडे पडतात. जणू विहिरीत पडणाऱ्या माणसाला बस पकडायची आहे. त्याऐवजी नुसतं "सावली बुडाली" म्हणून बघ. "सा" रिफच्या पहिल्या ठोक्यावर ठेव आणि चार मात्रा तसाच सरळ धर, हलवू नकोस. मग श्वास घे, ऐकू आला तरी चालेल. मग "बुडाली"तला "डा" खाली उतरू दे. शेवटची "ली" वरच्या पट्टीत ओढू नकोस, तुझ्या आवाजात लांब "ई" टोचते. "आ" आणि "ओ" तुला सुंदर लागतात. शब्द निवडताना हे कानाने निवड, अर्थ मागून येतो.

सरळ सूर धरणं हे मुरकीपेक्षा कितीतरी कठीण आहे, हे तुला मी का सांगावं? फोंड्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अवकाशात गेली. ती ऐकताना ताना क्षणभर सोड आणि मोकळा, न थरथरणारा आकार तेवढा ऐक. आणि अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला विलंबित ऐक, चौदा मात्रांचं एक आवर्तन किती वेळ घेतं आणि त्यात ते किती वेळ जवळजवळ काहीच करत नाहीत ते बघ. मला तर तो डूमच वाटतो. तुझ्या गुरुजींना हे सांगू नकोस.

ग्राउल शिकायचाच असेल तर कोणाकडून तरी नीट शीक. तो स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांमधून काढतात, घसा खरवडून नाही. मी व्हिडिओ बघून घसा खरवडला आणि आठवडाभर पाटीवर लिहून बायकोशी बोललो. तिला तो आठवडा फार आवडला.

चवथीची धामधूम संपली की ये. बँडला आणू नकोस, एकटीच ये. मी बेस घेऊन बसेन, ड्रम नको, एकच सूर वाजवत राहीन. तू त्यावर "आ" धर. दहा सेकंद, मग पंधरा. आरत्यांना घुमट वाजवून हात सुजलेले असतील तर तेही चालेल, हातांचं काम नाहीये.

तुझा,
काका

ता. क. तिसऱ्या गाण्यात रिफ थांबते तिथे शेजारचा कोंबडा आरवलाय. तो काढू नका. सबंध रेकॉर्डिंगमध्ये योग्य जागी तोंड उघडलंय ते त्यानेच.