तुमचे प्रश्न : ड्रममधलं ग्लिसरीन आणि हायड्रोजन

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ शेव-फरसाणवाल्यांकडून जळकं तेल घेऊन बायोडिझेल बनवतो. खाली बसणारं काळपट ग्लिसरीन कोणी घेत नाही, शेडमागे ड्रमची रांग लागली आहे. मुलानं मोबाइलवर दाखवलं की यावर जिवाणू वाढवून हायड्रोजन निघतो. असे जिवाणू मिळतील का? त्या गॅसवर जनरेटर चालेल का?
– एक वाचक, ता. जामनेर

उत्तर : भाऊ, मुलानं दाखवलं ते खरं आहे. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू हवेशिवायही ग्लिसरीन खातो, हे 2006 मध्ये अमेरिकेतल्या राईस विद्यापीठातून पुढे आलं. खाऊन तो इथेनॉल आणि फॉर्मिक आम्ल तयार करतो. त्याचं एक विकर (एन्झाइम) हे आम्ल फोडून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. पंचाईत अशी, की त्याच्याकडची दुसरी विकरं तो हायड्रोजन परत गिळतात. म्हणून हायड्रोजन जास्त सुटावा यासाठी टेक्सासमध्ये संशोधक थॉमस वूड यांनी गिळणाऱ्या विकरांची जनुकंच काढून टाकली, गॅस बनवण्याला लगाम घालणारं जनुकही उडवलं.

आता हिशेब. एक किलो शुद्ध ग्लिसरीन या वाटेनं पुरतं वापरलं गेलं, तरी हायड्रोजन निघतो जेमतेम 22 ग्रॅम. एवढी ऊर्जा 75 मिलिलिटर डिझेलमध्ये असते. शंभर किलो तेलामागे तुमचं ग्लिसरीन सुटतं दहा किलोच्या आसपास. म्हणजे पाऊण लिटर डिझेलसाठी एवढा खटाटोप! सोबत इथेनॉल बरंच निघतं, पण पाण्यात मिसळलेलं. ते वेगळं करायला भट्टी पेटवा. शिवाय जनुकं बदललेले जिवाणू कुणी बाटलीत भरून आणून देत नाही. त्यांना 1989 चे केंद्राचे नियम लागू आहेत, परवानगीशिवाय ते वापरता येत नाहीत. आणि हायड्रोजन हवेत 4 टक्के मिसळला तरी पेटतो, त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये हा खेळ नको.

त्यापेक्षा गोठ्यामागची गोबरगॅसची टाकी बघा. तेच एक किलो ग्लिसरीन तिथल्या जिवाणूंनी पुरतं पचवलं तर सव्वाचारशे लिटरच्या आसपास मिथेन होतो, आणि त्यातली ऊर्जा वरच्या हायड्रोजनच्या जवळजवळ सहापट भरते. मला तर हाच सौदा पटतो. शोधनिबंधात हायड्रोजन भाव खातो, पण चुलीला मिथेनच बरा.

मात्र ड्रममधला माल जसाच्या तसा ओतू नका. काकवीसारखा दिसणारा तो थर निव्वळ ग्लिसरीन नसतो. त्यात मिथेनॉल, साबण आणि कॉस्टिक उरलेलं असतं. मिथेनॉल 65 अंशांना उकळतं. ते विषारी आहे, झटकन पेट घेतं. म्हणून उघड्या कढईत, चुलीवर तापवणं नाही म्हणजे नाही! बंद भांडं आणि थंड पाण्याची नळी लावून काढलंत, तर पाणी नसलेलं मिथेनॉल पुढच्या घाणीला वापरता येतं. मग पट्टीनं सामू तपासा, आम्ल घालून सातच्या जवळ आणा.

कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरलं आणि फॉस्फोरिक आम्लानं उतरवलं, तर उरणाऱ्या मिठात पालाश आणि स्फुरद मिळतं. केळीला पालाश किती लागतं हे रावेर-यावलवाल्यांना मी काय सांगावं! सोडा वापरलात तर उरतो सोडियम, तो शेतात नको.

टाकीत सुरुवातीला शंभर लिटर शेणकाल्यामागे एक लिटरपेक्षा जास्त घालू नका. काल्याला आंबूस वास आला किंवा शेगडीची ज्योत मंदावली, तर ग्लिसरीन लगेच थांबवा, नुसतं शेण घाला. आम्ल साचलं की मिथेनवाले जिवाणू बसतात.

प्रश्न : जिवाणू हायड्रोजन सोडून देतो, तर तो बनवतोच कशाला?
– बारावीची विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : आम्लापासून सुटका म्हणून. हवा नसली की फॉर्मिक आम्ल साचून भोवतालचं पाणी आंबट होतं. ते फोडलं की आम्लाचा गॅस होऊन निघून जातो. म्हणून पाणी आंबट झालं की आम्ल फोडणारं विकर जोर धरतं. तुला हे डोळ्यांनीही बघता येईल. पिण्याचं पाणी तपासताना प्रयोगशाळेत काचनळीत छोटी डरहम नळी उलटी ठेवतात. पाण्यात ई. कोलाय असेल तर तिच्यात बुडबुडा अडकतो. त्या बुडबुड्यात कार्बन डायऑक्साइडबरोबर हायड्रोजनही असतो.