दक्षिण कोरियासारख्या श्रीमंत देशात म्हातारी माणसं इतकी गरीब आणि एकाकी का?

सोलच्या गल्लीबोळांत सत्तरी ओलांडलेल्या आज्या रद्दी-पुठ्ठ्यांनी लादलेली हातगाडी ढकलताना दिसतात. पाठ पार वाकलेली, आणि दिवसभराच्या वणवणीतून हाती येणारे पैसे अगदीच तुटपुंजे. ६५ च्या पुढच्या दर दहांपैकी जवळपास चार जण तिथे गरीब आहेत. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेत हे प्रमाण सर्वाधिक.

या पिढीने देश उभा केला, पण राष्ट्रीय पेन्शन सुरू झाली १९८८ मध्ये. तोवर त्यांची उमेद सरत आली होती. होतं नव्हतं ते मुलांच्या शिक्षणात घातलं, पुढे मुलं बघतील या भरवशावर. १९९७ च्या आर्थिक संकटात अनेक मुलांच्याच नोकऱ्या गेल्या.

मला सगळ्यात जास्त टोचते ती सरकारी मदतीची जुनी अट. अर्ज केला की आधी मुलांचं उत्पन्न तपासायचे. मुलगा वर्षानुवर्षं फोनही करत नसला, तरी कागदावर तोच पोशिंदा! निर्वाह भत्त्यासाठी ही अट बहुतांशी हटली ती २०२१ मध्ये.

२०१४ मध्ये सोलच्या सोंगपा भागात आई आणि दोन मुलींनी आयुष्य संपवलं. मागे ठेवलं भाड्याचं पाकीट, त्यावर घरमालकिणीची माफी मागितलेली. त्यानंतर सरकारी मदतीचे कायदे बदलले.

एकट्याने मरून दिवसेंदिवस कुणाला न कळणं, याला तिथे ‘गोदोक्सा’ म्हणतात. त्यात सर्वाधिक पन्नाशी-साठीतले पुरुष असतात. काम सुटलेले, घर तुटलेले.