विचारा, सांगतो : दूध आहे, पाजणं दाखवणारं कुणी नाही

प्रश्न : सिझर होऊन आठ दिवस झाले. बाळ जन्मताना २ किलो ९०० ग्रॅम होतं, आज २ किलो ७०० आहे. तासभर अंगावर पितं तरी रडतं. बोंडांना चिरा पडल्यात. दवाखान्यात 'दूध कमी आहे' म्हणून पावडरच्या दुधाचा डबा लिहून दिला, पण बाळाला धरायचं कसं, हे कुणी शेजारी बसून दाखवलं नाही. दिवसातून चार वेळा ६० मिली वरचं दूध देतोय.
— एक बाळंतीण, इंदिरानगर

उत्तर : पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच. पण आठव्या दिवशी काटा वर चढायला लागलेला असतो आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघतं. तुमचं बाळ वरचं दूध घेऊनही जवळपास ७ टक्के खाली आहे, तेव्हा आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन दर वेळी उघड्या अंगाने आणि त्याच काट्यावर करा. शू चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा होत असेल किंवा बाळ पाजायलाही उठत नसेल, तर संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबू नका.

चिरा आणि तासभर पिणं, दोन्हींचं कारण बहुधा एकच आहे. बाळ नुसतं बोंड चोखतंय, भोवतालचा काळा भाग तोंडात जात नाहीये. पाजून झाल्यावर बोंड पाहा. बोरूच्या टोकासारखं तिरकं, चपटं दिसलं तर पकड उथळ आहे.

टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेखाली घ्या. त्याचे पाय तुमच्या पाठीकडे, तुमच्या हाताखाली उशी. तळवा त्याच्या खांद्यांना आणि मानेला आधार देईल. डोकं मागून दाबू नका, दाबलं की ते मान मागे टाकतं. नाक बोंडासमोर आणा, बोंड वरच्या ओठाला टेकवा आणि थांबा. बहुतेक घरांत इथेच चुकतं, कारण शेजारी तिघीजणी 'घाल, घाल तोंडात' म्हणत उभ्या असतात. जांभईएवढा आ झाला की बाळाला छातीकडे आणा. छाती बाळाकडे नेऊ नका. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, काळा भाग वरून जास्त दिसतो आणि खालून कमी. सुरुवातीचे काही क्षण सोडून पुढेही दुखत राहिलं, तर ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. नीट लागलं की भराभर चोखणं संथ होतं आणि गिळल्याचा आवाज येतो.

वरचं दूध मनाने बंद करू नका. पण ते प्यायलं की बाळ तीन तास झोपतं, तेवढा वेळ छाती भरलेली राहते आणि भरलेल्या छातीत दूध कमी बनायला लागतं. म्हणून वरचं दिल्यावर दर वेळी दहा-पंधरा मिनिटं हाताने दूध काढा. अंगठा आणि बोटं बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा, आधी बरगडीकडे दाबा, मग एकमेकांकडे. त्वचेवर घासू नका. निघेल ते पुढच्या वेळी आधी द्या, बाटलीने नव्हे, उकळलेल्या बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने). बाळाला जवळजवळ बसतं धरा आणि बोंडलं ओठाला टेकवा. दूध तोंडात ओतू नका, त्याला आपणहून ओढू द्या. रोज २०-३० ग्रॅम वजन वाढायला लागलं की वरचं किती कमी करायचं ते डॉक्टरांबरोबर ठरवा.

प्रश्न : सुनेला आळिवाचे लाडू, शतावरी चालू आहे. बाळाला मध, गुटी चाटवावी का?
— एक आजी, म्हसरूळ

उत्तर : लाडू जरूर द्या, बाळंतिणीला पोटभर खायला हवंच. पण चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजलं नाही, तर लाडवांनी दूध वाढत नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो. गुटी, पाणी, काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध.

प्रश्न : मदत मागायची कुणाकडे? आणि जाणकार ओळखायचा कसा?
— सातवा महिना चालू असलेली वाचक, नाशिकरोड

उत्तर : सातव्या महिन्यात विचारताय, हे उत्तम. अडचण अशी आहे की बाळ बालरोगतज्ज्ञांचं, टाके स्त्रीरोगतज्ज्ञांचे आणि पाजणं कुणाचंच नाही. गावात आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. शहरात फ्लॅटमधल्या बाळंतिणीकडे सहसा कुणी फिरकत नाही, आणि दूध भरून येतं ते नेमकं घरी सोडायच्या सुमाराला. म्हणून नाव नोंदवतानाच विचारा : पहिल्या तासात बाळ अंगावर देता का? सिझरनंतरही? रात्रपाळीला पाजायला शिकवणारी सिस्टर आहे का? घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी कुणाला फोन करायचा?

सल्लागार बाहेरून बोलावणार असाल तर नुसत्या पाटीवर जाऊ नका. आयबीसीएलसी हे स्तनपान-सल्लागाराचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे का, विचारा. जाणकार बाई एक पूर्ण पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघते, बाळाच्या जिभेखाली बघते, गरज असेल तर पाजण्याआधी आणि नंतर वजन करते, काय करायचं ते लिहून देते आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारते. दहा मिनिटांत पंप किंवा डबा विकायला काढला तर उठा. डब्याचे फुकट नमुने आईला देणं १९९२च्या कायद्याने बंद आहे.

प्रश्न : छातीत दुखरी गाठ, वरून लाली आणि अंगात ताप. पाजणं थांबवू का?
— देवळाली कॅम्प

उत्तर : थांबवू नका, दूध तुंबून दुखणं वाढेल. नेहमीसारखं पाजा. गार पाण्याची घडी ठेवा. गाठ जोरात चोळू नका, आतली सूज वाढते. तापाला पॅरासिटामॉल चालते. चोवीस तासांत उतार नसेल तर डॉक्टरांकडे जा, अँटिबायोटिक लागू शकतं. ते घेतानाही सहसा पाजता येतं, फक्त पाजत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.