जिम्नीला दोन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगा-शॉकअपचा संच) टाकल्यापासून रिकामी गाडी मागून उडते. मागच्या कॉइल स्प्रिंगा मऊ घ्याव्यात का? किती मऊ, आणि कुठल्या कंपनीच्या?

घ्या. आणि "कडक म्हणजे मजबूत" असं सांगून ज्याने त्या तुमच्या गळ्यात मारल्या, त्याला एकदा मागच्या सीटवर बसवून खड्ड्यांतून फिरवून आणा.

माझ्या बाबतीत तो माणूस घरचाच निघाला. मेहुणा. २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी घेतली आणि दोन महिन्यांत हा किटचं खोकं घेऊन दारात. "दाजी, पुढेमागे अडकलेली गाडी ओढायला विंच लागणार, लोखंडी बंपर लागणार, टपावर तंबू येणार. मग आत्ताच जड वजनाच्या स्प्रिंगा टाकून घ्या ना, परत परत गाडी कोण उघडणार?" मला पटलं, हे कबूल करतो. पार्किंगमध्ये उभी असली की गाडी रुबाबदार दिसायची. पहिल्याच आठवड्यात एका स्पीडब्रेकरवर मागे बसलेल्या आईचं डोकं टपाला लागलं. त्यानंतर ती रिक्षाने जाते.

त्या डिसेंबरात आम्ही वेल्ह्यावरून केळदकडे गेलो होतो, मढे घाटाच्या बाजूला. दोन जिम्नी होत्या. एक माझी, शेजारी मेहुणा. दुसरी चुलत बहिणीची, कंपनीतून आली तशीच. फक्त टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवलेली. ओढ्याच्या कडेने वर जाणाऱ्या एका गाडीवाटेवर तिरके खड्डे होते. उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक एकदम खाली जाणार, असे. फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाकून मी घुसलो. मधे पोचल्यावर माझं डावं मागचं चाक हवेत. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद द्यायची सोय जिम्नीत आहे, पण ती आपली टकटक सुरू करेपर्यंत मागचा भाग एक उडी मारून ओढ्याच्या बाजूला वीतभर सरकला. मी घाबरून पाय काढला आणि तसाच मागे आलो.

बहीण मागून आली, काचेतून "दादा, जरा बाजूला घे" म्हणाली आणि त्याच खड्ड्यांतून बैलगाडीसारखी डुलत वर गेली. चारही चाकं जमिनीला चिकटलेली. मेहुण्याचं निदान: "तिचं नशीब."

खरी गंमत परतीच्या वाटेवर झाली. भात झोडून झालं होतं. एका घरातून इंद्रायणीची ५० किलोची दोन पोती घेतली, सीट पाडून डिकीत टाकली. आणि तीच गाडी, त्याच रस्त्यावर, माणसात आली! उडणं अर्ध्याहून कमी. मेहुणा तेव्हापासून आजतागायत एकच वाक्य बोलतो: "किट बरोबरच होतं दाजी, गाडी रिकामी होती." अरे पण माझी गाडी रिकामीच असते! मी आणि पाण्याची बाटली. येणाऱ्या तंबूच्या वजनाच्या स्प्रिंगा आज कशाला घालायच्या? लग्न ठरायच्या आधी पाळणा आणण्यातला प्रकार.

घरी आल्यावर पोती उतरवायच्या आधी मी टेप घेऊन बसलो. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर पोत्यांसह आणि पोत्यांशिवाय, दोन्ही बाजूंना. फरक १६ मिमी. म्हणजे एका स्प्रिंगवर ५० किलो वाढले की ती १६ मिमी दबते. कडकपणा मिलिमीटरला साधारण ३.१ किलो. (डिकीतलं वजन अ‍ॅक्सलच्या जरा मागे पडतं, त्यामुळे थोडी चूक धरा.) दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवली: ५४० किलो. त्यातून अ‍ॅक्सल आणि चाकांचे अंदाजे १३० (ते स्प्रिंगवर येत नाहीत) वजा केले, तर एका स्प्रिंगच्या वाट्याला २०५. भागाकार करा: ६६ मिमी. माझी स्प्रिंग रिकाम्या गाडीखाली एवढीच दबत होती. म्हणजे चाक ६६ मिमी खाली लोंबलं की स्प्रिंगचा जोर संपला, पुढे चाक नुसतं लटकणार. केळदला दुसरं काही झालं नव्हतं.

आता मिलिमीटरला २.२ किलोची स्प्रिंग घेतली, तर ती ९३ मिमी दबते. गाडीचे हेलकावे सेकंदाला १.९ वरून १.६ वर येतात. ऐकायला किरकोळ वाटतं, आईला विचारा. पण हीच स्प्रिंग तेवढ्याच लांबीची घेतलीत, तर गाडी २७ मिमी खाली बसेल आणि लिफ्टचे पैसे पाण्यात. मऊ हवी तर लांबही हवी. दुकानदार हे सांगत नाहीत.

एका वर्कशॉपवाल्याने मला "एक वेढा कापून देतो, मऊ होईल" असं सांगितलं होतं. हात जोडून निघालो. वेढे कमी केले की स्प्रिंग उलट कडक होते. तारेची जाडी तर चौथ्या घातात मोजावी लागते: १२ मिमीच्या जागी १३ मिमीची तार आली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी कडकपणा ३८ टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणून "एकच मिमीचा फरक आहे साहेब" याला भुलू नका.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. किट रिकामी, मध्यम आणि जड अशा वजनांच्या हिशेबाने मिळतात. तुमचा काटा काय सांगतो ते बघून निवडा. उंचीची फार हौस नसेल, तर मूळ स्प्रिंगा परत बसवून वर पॅकिंग टाका. स्वस्तात काम होतं, फक्त बंप स्टॉप (स्प्रिंग किती दबेल याची हद्द ठरवणारा रबरी ठोकळा) तेवढाच खाली आणा, नाहीतर वेढे एकमेकांवर आदळतील.

हो, आणि शॉकअप. कडक स्प्रिंगसाठी बसवलेले शॉकअप मऊ स्प्रिंगला वर येऊ देत नाहीत, लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी मागून बसत जाते. माझे बदलावे लागले. शिवाय चार माणसं आणि सामान घेऊन कोकणात उतरताना माझी गाडी दोनदा बंप स्टॉपवर दणकन आपटली, हेही खरं. तुम्ही दर शनिवारी घरादाराला घेऊन निघत असाल, तर वरचं सगळं वाचून मध्यम घ्या. जिम्नी १६४५ मिमी रुंद आणि १७२० मिमी उंच, त्यात लिफ्ट; वळणावर कलणार. पॅनहार्ड रॉड (चाकांचा दांडा डावी-उजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी) बदलला नसेल तर अ‍ॅक्सल एका बाजूला सरकलेला असेल, तोही बघा. गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, वॉरंटीचं तुमचं तुम्ही ठरवा.

जुन्या कडक स्प्रिंगा माळ्यावर आहेत. विकायला काढल्या की मेहुणा अडवतो. विंच येणार आहे म्हणे, दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर, ते मी विचारलेलं नाही.