खाते कोणाच्या ईमेलवर उघडले जाणार आहे, हे आधी विचारा

नमस्कार. खारघरच्या तुमच्या चौघांच्या बँडला एका प्रमोशन कंपनीने वर्षभराचे पॅकेज देऊ केले आहे. गाणी सगळ्या ॲपवर चढवण्यापासून यूट्यूब चॅनेल सांभाळण्यापर्यंत सारे काही ते पाहणार आहेत, आणि ‘तुम्ही फक्त वाजवा’ हे त्यांचे म्हणणे तुम्हाला पटले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. नेमके हेच शब्द २०१९ साली ठाण्याच्या नौपाड्यात एका प्रमोशन एजन्सीने आमच्यासमोर उच्चारले होते आणि आम्हालाही ते पटले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी ठाण्यातल्या एका मराठी रॉक बँडमध्ये बेस वाजवते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात सुरू झाले होते आणि आपले गाणे तिथे दिसलेच पाहिजे, अशी आम्हाला घाई झाली होती. गाणे तिथे पोहोचवायला मधला वितरक लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या वितरकाकडचे खाते एजन्सीने स्वतःच्या ईमेलवर उघडले, बँकेचा तपशीलही स्वतःचाच दिला, आणि आम्ही त्याला सोय समजलो. दोन वर्षांत चार गाणी त्या खात्यातून गेली. २०२१ मध्ये आम्ही करार पुढे न वाढवण्याचे कळवले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आमच्या गिटारवादकाच्या मामेभावाने सकाळी स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या प्लेलिस्टमध्ये आमचे गाणे करड्या अक्षरांत दिसत होते आणि बोट ठेवले तरी वाजत नव्हते. दुपारपर्यंत चारही गाणी तशीच झाली होती, म्हणजे ती ॲपवरून काढली गेली होती.

आमची सर्वांत महाग चूक यानंतर घडली. घाबरून आम्ही त्याच रात्री दुसऱ्या वितरकाकडे गाणी नव्याने चढवली. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो. वितरक बदलताना जुनाच कोड, तीच ध्वनिफीत आणि तोच तपशील दिला, तर आधीचे स्ट्रीम, म्हणजे गाणे किती वेळा ऐकले गेले तो आकडा, बहुधा नव्या नोंदीला जोडले जातात. आम्ही कोडची जागा रिकामी सोडली, वितरकाने नवे कोड दिले आणि दोन वर्षांची मोजणी शून्यावर आली. ज्यांनी गाणी जपून ठेवली होती, त्यांच्याकडे ती करडीच राहिली. आयएफपीआय या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर गाण्याच्या नावावरून हा कोड शोधता येतो, हे आम्हाला पुढे सहा महिन्यांनी समजले. आज रात्रीच तुमच्या प्रत्येक गाण्याचा कोड एका कागदावर उतरवून ठेवा.

हे पुरेसे नव्हते म्हणून की काय, आमच्याच चॅनेलवरच्या आमच्याच व्हिडिओवर कंटेंट आयडीचा दावा आला. कंटेंट आयडी म्हणजे व्हिडिओतले गाणे कोणाच्या नावावर नोंदलेले आहे ते ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा, आणि तिच्यात गाण्याची नोंद अजून जुन्या खात्यातूनच होती. आम्ही हरकत घेतली. दावा करणाऱ्याला उत्तरासाठी तीस दिवस मिळतात, तितके दिवस वाट पाहिली आणि हरकत फेटाळली गेली. जुन्या वितरकाला आम्ही रेकॉर्डिंगची पावती, स्टुडिओतल्या मूळ फाइली, ओळखपत्रे असे सारे पाठवले. प्रत्येक वेळी एकच उत्तर आले: ‘ही विनंती खातेदाराकडून यायला हवी.’ खातेदार एजन्सी होती आणि एजन्सी फोन उचलत नव्हती. यात पाच महिने गेले. जाहिरातींचे पैसे किरकोळ होते, त्यांचे दुःख मी केलेही नसते. पण त्या रेकॉर्डिंगचा खर्च आमच्या ड्रमरने पहिल्या नोकरीच्या पगारातून केला होता, आणि ‘हे गाणे तुमचेच कशावरून’ असे त्यालाच विचारले जात होते, याचा संताप मला अजूनही येतो.

मी वकील नाही, शिवाय वितरकांचे नियम सतत बदलतात, तेव्हा करार जाणकाराला दाखवून घ्या. माझे मत मात्र ठाम आहे: वितरकाचे खाते, चॅनेल आणि बँडचा ईमेल तुमच्याच हाती राहिले पाहिजेत. एजन्सीला चॅनेलवर व्यवस्थापक म्हणून जोडता येते आणि काम संपल्यावर काढूनही टाकता येते. हे ज्यांना चालत नाही, त्यांच्याशी बोलणी तिथेच थांबवावीत. ईमेलही एका सदस्याचा खासगी नसावा, कारण सदस्यही बँड सोडून जातात.

तुमच्या पॅकेजमध्ये ‘हमखास एक लाख स्ट्रीम’ असेही आहे. ती ओळ काढून टाकायला सांगा. असे आश्वासन बहुतेक वेळा कृत्रिम, म्हणजे खऱ्या श्रोत्यांऐवजी यंत्राने वाढवलेल्या स्ट्रीमवर उभे असते, आणि असे स्ट्रीम आढळले की स्पॉटिफाय वितरकाकडून दंड घेते, वितरक तो कलाकाराकडून वसूल करतो किंवा गाणेच काढून टाकतो. २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत किमान एक हजार स्ट्रीम झाल्याशिवाय तिथे गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही, ही अट दाखवून नव्या बँडना घाबरवले जाते. पण त्या हजारासाठी खरे ऐकणारे लागतात, आणि ते तुमच्या आसपासच आहेत.

रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडने २००७ मध्ये ‘हवी ती किंमत द्या’ म्हणून अल्बम इंटरनेटवर ठेवला, हे उदाहरण तुम्ही दिले आहे. त्यांच्यामागे तेव्हा जगभरचे श्रोते आधीच उभे होते. आपल्यासाठी दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडची वाट अधिक जवळची आहे. त्यांनी सुरुवात यूट्यूबवर गाजलेल्या गाण्यांच्या मेटल आवृत्त्यांनी केली, श्रोते जमवले, मग स्वतःची गाणी आणली आणि २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेन या मेटल संगीताच्या महोत्सवात वाजवून आले. आम्ही जाहिरातींवर पैसे ओतले तेव्हा व्ह्यू कुठल्या कुठल्या शहरांतून आले, पण उपवनजवळच्या आमच्या कार्यक्रमाला एकतीस माणसे होती आणि त्यांतली निम्मी घरची होती. त्याच संध्याकाळी दाराशी ठेवलेल्या वहीत ज्यांनी आपणहून नंबर लिहिले, त्यांचा व्हॉट्सॲप गट केला. पुढच्या कार्यक्रमाचा एकच संदेश पाठवला, तर डोंबिवली आणि ऐरोलीहूनही लोक आले.

कार्यक्रमाच्या पोस्टमध्ये तो किती वाजता संपेल ते लिहा आणि परतीची शेवटची लोकल सांभाळून वेळ ठरवा. आमचे निम्मे श्रोते पनवेल किंवा कल्याणच्या गाडीकडे डोळे लावून बसलेले असत आणि शेवटची दोन गाणी रिकाम्या खुर्च्यांपुढे होत. गाणे मराठी असले तरी यूट्यूबच्या वर्णनात त्याचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत द्या, कारण शोधताना पुष्कळ लोक रोमन अक्षरेच टंकतात. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट तयार करणाऱ्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल, तर ते प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते; मी तर चार आठवडे हाताशी ठेवते.

सही करण्याआधी त्यांना ईमेलवर एवढेच विचारा, की वितरकाचे खाते कोणाच्या ईमेलवर उघडणार आणि करार संपल्यावर ते किती दिवसांत आमच्या हवाली करणार. उत्तर लेखी आले की नावे झाकून इथे टाका, मी वाचून सांगते.