विलीनीकरण हरलं, तरी मगो पक्ष सत्तेत कसा राहिला?

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या जनमत कौलात विलीनीकरण हरलं, मग नावातच 'महाराष्ट्रवादी' असलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) पुढे १२ वर्षं राज्य कसा करत होता, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते मगोचं मूळ भाटातल्या, म्हणजे जमीनदाराच्या (भाटकाराच्या) बागायतीतल्या, मातीत होतं. शेत कसणारं कूळ आणि भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार, हा त्याचा मतदार. पोर्तुगीज गेले, भाटकार तिथेच होता. महाराष्ट्रात गेलो तर कूळकायदा येईल, मराठी शाळा येतील, ही आशा विलीनीकरणाच्या मागणीत होती. मराठीवरचं प्रेम तर होतंच. म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. भाऊ स्वतः खाणमालक, पण बहुजन समाजाने त्यांना आपलं मानलं.

१६ जानेवारी १९६७ च्या कौलात विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. अवघ्या दोन महिन्यांनी निवडणूक झाली, तर मगो पुन्हा सत्तेवर! गोवा वेगळा हवा म्हणणाऱ्यांतल्याही काहींना राज्य मात्र भाऊंचंच हवं होतं, एवढाच याचा अर्थ निघतो.

खरं काम कायद्यांत दिसतं. १९६४ च्या कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिलं. भाऊ १९७३ मध्ये गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. पण घोडं इथेच अडलं. 'मानलं गेलं' म्हणजे कागद हातात आला असं नव्हे. मामलेदाराकडून खरेदीची किंमत ठरवून घ्यायची, ती भरायची, मग प्रमाणपत्र. मुंडकारालाही आधी नोंदणी, मग घराखालची जमीन विकत घेण्याचा अर्ज. पंचायत क्षेत्रात घरासह ३०० चौरस मीटर किंवा घराभोवती ५ मीटर, जे जास्त असेल ते. अनेकांनी हे पुरं केलंच नाही. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर कूळ म्हणून नाव आहे, एवढ्यावर घरचे निर्धास्त राहिले, आणि पुढची पिढी जमीन विकायला किंवा वाटणी करायला गेली तेव्हा भाटकाराचे वारस उभे राहिले. मोठ्या लढाईने मिळालेला हक्क असा कागदाअभावी लोंबकळतो, याचं वाईट वाटतं.

१९७९ मध्ये सरकार पडलं. १९९४ मध्ये मगोने भाजपशी युती केली, आणि ग्रामीण हिंदू मतदार हळूहळू त्या धाकट्या मित्राकडे सरकला. २०२२ मध्ये मगोचे दोनच आमदार निवडून आले, मडकई आणि मांद्रे इथून.